धोंड्याच्या जेवणाला इटलीचं पान

तलवाड्याच्या सत्यशीलाला इटलीच्या सैपाकाचं याड लागलं ते लेकीपायी. वैष्णवी लग्न होऊन पुण्याला गेली, तिथून फोनवर एकेक व्हिडिओ धाडायला लागली, आन् इकडं आईच्या चुलीवर पिझ्झा चढला. मग बारसं असो, वाढदिवस असो, पास्ता ठरलेला. सत्यनारायणाच्या प्रसादाला तेवढा सासूनं हात लावू दिला न्हाई. शेवयाच्या पाटावर ती पास्ता वळायची, बाजेवर धडपा टाकून वाळवायची. पिझ्झा भाजायला पातेल्यात वाळू तापवायची. चीज घरच्या म्हशीचं. इटलीची माणसं म्हणे तुळशीसारखी पानं सैपाकात घालतात. ते ऐकून सासू भामाबाई तुळशीपाशी खुर्ची टाकूनच बसली. शेवटी सत्यशीलानं परसात सब्जा लावला आन् त्याच्या पानांवर भागवलं. गल्लीतल्या बाया हसायच्या, पण हसून झालं की ताटली पुढं करायच्या.

यंदा अधिक महिना आला. अधिकात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आपली रीत. जावई आदिनाथ गरीब गाय. पण त्याच्यासंगं त्याचे वडील मुंजाजीही येणार होते, आन् खरी धास्ती त्यांचीच होती. लग्नात त्यांच्या पंगतीला वरण संपलं होतं. तेव्हापासून हे इवाई त्यांच्या गावात, उमापुरात, भेटेल त्याला सांगायचे, की पोराच्या लग्नात उपाशी उठलो. सत्यशीलाच्या दारात त्यांनी पुन्हा पाय ठेवला न्हवता. वैष्णवी सणाला सासरी गेली, की ताटात काही का असेना, बोलण्यात ते वरण यायचंच. तिनं आईला फोनवर सांगितलं, मामंजी या खेपेला पोटभर जेवून उठले पायजेत, मला आता ऐकवत न्हाई.

भामाबाई म्हणाली, सरळ वरण-पोळी कर. सत्यशीलाचा हिशोब येगळा होता. वरण केलं तर ते संपायची भीती. केलंच न्हाई तर संपंल कुठून? शिवाय जो सैपाक हाताला बसलाय तोच करावा. व्हिडिओत दाखवतात तसं तिनं एकामागून एक वाढायचं ठरवलं. आधी टोमॅटोचं सूप, ते संपलं की पास्ता, मग पिझ्झा, गोड शेवटी. म्हणून धोंडेही आत झाकून ठेवले.

पाट मांडले, रांगोळी काढली, ताटात एकेक वाटी सूप ठेवलं. आन् ती दाराआड उभी राहिली, वाट्या रिकाम्या व्हायची वाट बघत.

मुंजाजी मांडी घालून बसले ते बसलेच. त्यांच्या घराण्यात पान पुरं वाढून झाल्याबिगर घासाला हात लावत न्हाईत. इथं मीठ न्हाई, लिंबू न्हाई, ज्याच्यासाठी आले तो धोंडा न्हाई. नुसती तांबड्या पाण्याची वाटी. ते बाकीचं वाढायची वाट बघत राहिले. बापानं हात लावल्याबिगर आदिनाथ कसा जेवणार? तोही वाटीत तोंड बघत बसला. सूप निवलं, त्याच्यावर साय धरली. आत सत्यशीलाला वाटलं, इवाई पुन्हा रुसले. बाहेर इवायाला वाटलं, पुन्हा संपलं.

शेवटी भामाबाई उठली आन् मुंजाजीच्या पुढ्यातच जाऊन बसली.

"इवाई, खाईनात कावून?"

मुंजाजी लई मऊ आवाजात म्हणाले, "वाढू तर द्या आधी. का एवढंच हाय?"

सत्यशीलाचा जीव भांड्यात पडला आन् इटलीची रीत चुलीत गेली. तिनं घरात होतं नव्हतं ते एकदम ताटात आणलं. एका बाजूला मीठ-लिंबू, दुसऱ्या बाजूला पास्ता, मधोमध पिझ्झा, त्याच्या शेजारी दोन धोंडे आन् वरून तुपाची धार. मुंजाजीनं पान डोळे भरून पाहिलं, हात जोडले, आन् पिझ्झा उचलून सुपात कुस्करला. भाकरी कुस्करावी तसा, चीजच्या तारांसकट. वैष्णवीनं डोळे मिटून घेतले. मग असा भुरका ऐकू आला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"कालवण बेस झालंय," ते म्हणाले. "वाढा आजून."

आता आली का पंचाईत. सूप केलेलं वाटीच्या मापानं, आन् हा माणूस मागतोय ओगराळ्यानं. तिसऱ्या खेपेला पातेल्याचा तळ दिसला. वैष्णवी ते पातेलं पदराआड धरून सैपाकघरात आली, तोंड पांढरंफटक. सत्यशीलानं ते हातातून घेतलं. चुलीवरचं आधण ओतलं, दाण्याचं कूट लावलं, काळं तिखट टाकलं, एक उकळी आणली.

"जा, वाढ," ती म्हणाली. "आन् तोंड हसरं ठेव."

पहिल्याच भुरक्याला मुंजाजीला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं, टोपी सरकली. माय-लेकी दाराआड एकमेकींचा हात धरून उभ्या. मुंजाजीनं नाक पुसलं, वाटीकडं बघितलं.

"हां," ते म्हणाले. "आत्ता मुरलं."

ते उठले ते भिंतीला हात लावून. ढेकर दिला, सुपारी तोंडात टाकली, आन् सुनेनं पाणी पुढं केलं तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, त्या वरणाचा इषय आता बंद. कुणी काढला तर मला सांग." काढणारे तेच एकटे होते.

सत्यशीलानं पदर सावरून निरोप दिला, पुढच्या अधिकालाही असंच या म्हणाली. मुंजाजी गाडीत बसता बसता थांबले.

"अधिक तीन सालानं येतो, इहीनबाई. आमी दिवाळीला येतो."