काचेतला कुंडलिक

कुंडलिक मूळचा सांगोल्याकडचा. बहात्तरच्या दुष्काळात बायकोला घेऊन सोलापुरात आला आणि मांडव बांधायला शिकला. कुणाचं लगीन असो की सभा, लोक खाली मिरवायचे आणि हा वर बांबूवर दोरी आवळत असायचा. त्याच्याकडं कुणी बघायचं नाही, आणि तेच त्याला बरं वाटायचं.

शहात्तरच्या मे महिन्यात नसबंदीच्या कॅम्पाचा मांडव त्यानंच बांधला. फोटोच्या वेळेला बघतात तर रांगेतले दोघं कनातीखालून पसार! कॅम्पाचे साहेब ओरडले, "ए मांडववाल्या, बस हितं. नाव सांग." हातात बक्षिसाची बादली दिली. शिवयोगी फोटोवाल्यानं बटण दाबलं. बादली लगेच काढून घेतली. तोंड मात्र ठेवून घेतलं.

तो फोटो मोठा होऊन भर चौकात, शिवयोगीच्या दुकानाच्या काचेत लागला. खाली पाटी : 'ऑपरेशन केलेले आदर्श नागरिक'.

दिवाळीच्या सुमारास गोजाबाईचं, म्हणजे कुंडलिकाच्या बायकोचं, पोट दिसायला लागलं. नळावर रंभाबाई बोललीच, "दाल्ल्याचं तर सरकारनं बंद केलं की गं! मग ह्यो कुटला पावणा?"

गोजाबाई रिकामी घागर घेऊन घरी आली. "उद्यापास्नं मी पान्याला जायची न्हाय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

कुंडलिक तडक दुकानात गेला. "शिवयोगीअण्णा, माजं त्वांड काडा तितनं."

"साहेबांनी लावायला सांगितलंय. चार माणसांत बसलास तेव्हा दातखीळ बसली होती का? चव्हाट्यावरचा फोटो चव्हाट्याचा."

"त्वांड माजं हाय की!"

"फिल्म माझी आहे. ऑपरेशन झालं नाही असा डॉक्टरचा कागद आण, काढतो."

पुढचा कॅम्प आठवड्यात होता. मागच्या वेळी माणसं पळाली, म्हणून या खेपेला साहेबांनी कनाती खाली खुंट्यांना आवळून घेतल्या. आवळणारा कुंडलिकच. काम संपवून तो आत डॉक्टरपुढं उभा राहिला. डॉक्टरनं तपासलं. "खरंय. झालेलं नाही."

साहेबांनी मे महिन्याच्या कॅम्पाची यादी उघडली. "फोटोत तू, यादीत तू. म्हणजे सरकार खोटं काय रे?"

दारात दोन पोलीस होते. कुंडलिक कनातीकडं धावला. खाली बोटसुद्धा शिरेना.

संध्याकाळी तो पाय फाकून चालत घरी आला. हातात बादली होती.

"कागद मिळाला व्हय?" गोजाबाईनं विचारलं.

कागद बादलीत होता. ऑपरेशन झाल्याचा. तारीख मे महिन्याची.