डावं मागचं चाक

गुरुबसप्पा ड्रायव्हर मनानं फार चांगला माणूस होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत तो तसा दिसायचा नाही. गाव वळसंग. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि गाडी चालू होत नसली की दोन्ही. साखर पेठेत बसवराज मालकांचा चादरीचा कारखाना होता, त्यांची काळी अँबेसिडर त्याच्याकडं. माझं सायकलचं दुकान कारखान्यासमोरच. चाकात हवा भरायला म्हणून यायचा आणि हवा कमी, गप्पाच जास्त व्हायच्या. एकदा रस्त्यात म्हैस आडवी आली म्हणून थांबला आणि म्हशीवाल्याच्या मुलीचं लग्न जमवून आला. पण ते राहू द्या, चाकांचं सांगतो.

चौऱ्याहत्तर साली शेजारच्या सूतवाल्या शेठनी मुंबईहून जुनी परदेशी गाडी आणली. कुठल्याशा वकिलातीची, लिलावातली. रंग गेलेला, शिटा फाटलेल्या, पण चाकं मात्र बघत राहावी अशी. आपल्या गाड्यांची चाकं लोखंडी, वर रंग. हिची नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची, अंगावर रंगाचा थेंब नाही. त्या गाडीवर माढ्याचा धोंडीराम ड्रायव्हर होता. दर सोमवारी सकाळी तो गोणपाट टाकून बसायचा आणि चाकं अशी घासायचा, की मागावर कामाला निघालेल्या बायका त्यात बघून कुंकू नीट करायच्या.

गुरुबसप्पाच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. त्याच्या अँबेसिडरच्या चाकांवर चकचकीत झाकणं होती, ती तो दिवसातून दोनदा पुसायचा. धोंडीराम बिडी ओढत म्हणायचा, "टोप्या हायत त्या, अण्णा. टोपी पुसून डोकं चकाकतंय व्हय?"

गुरुबसप्पाची बायको चन्नम्मा आमच्या घरी येऊन सांगायची, की जेवताना हा माणूस भाकरी बाजूला सारतो, ताट उचलतो आणि त्यात तोंड दिसतंय का ते बघतो. दिसलं नाही की ताट तिच्याकडं परत.

पुढं शेठनी नवी अँबेसिडर घेतली, धोंडीरामला तिच्यावर बसवलं आणि ती परदेशी गाडी, बघा नशीब कसं असतं, बसवराज मालकांनाच विकली. किल्ली हातात पडली त्या दिवशी गुरुबसप्पानं सगळ्या पेठेला पेढे वाटले. धोंडीरामलाही दिला, मुद्दाम दोन. पहिल्याच सोमवारी धोंडीराम बसायचा नेमक्या त्याच जागी त्यानं गोणपाट टाकलं. धोंडीराम जवळ येऊन उभा राहिला. चाकांवरून त्याची नजर हलेना. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुबसप्पा म्हणाला, "तुझी चाकं पूस जा की. रंग दिलाय न्हवं त्यास्नी?"

धोंडीराम गेला. आणि चाकं कशानं राखायची ते सांगायचं राहिलं.

पावसाळा संपेस्तोवर चाकं जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच, जुन्या पातेल्यासारखी झाली. गुरुबसप्पा राखेनं घासायचा, घासेल तितकी ती मळकट. खांडेनवमी जवळ आली. त्या दिवशी कारखान्यातले माग आणि गाडी यांची पूजा व्हायची, पाहुणे यायचे. मालक हसत म्हणाले, की धोंडीरामच्या हातात चाकं काय होती, त्यालाच गाडीवर बोलवावं की काय. मालक हसले. गुरुबसप्पा हसला नाही. गाडी हातची जाते, तीही नेमकी धोंडीरामकडं, हेच त्याला दिसायला लागलं.

मग त्यानं डोकं चालवलं. कारखान्यात सूत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून मळ काढायचे. मळकट सूत पांढरं होतं, मग मळकट चाक का होणार नाही? एक मगभर कॉस्टिक आणून त्यानं डाव्या मागच्या चाकावर ओतलं. चर्र करून फेस आला. बेटा खूश, मळ निघतोय म्हणून. फेस ओसरला तर खाली चाक तव्याच्या बुडासारखं काळं.

एक चाक झाकलं तर लोक विचारतील, म्हणून चारही चाकांवर त्यानं चादरी टाकल्या. पेठेत येणारा जाणारा मला विचारायचा, की गाडीला थंडी वाजतेय का. धोंडीरामनंही जाता जाता बघितलं.

शेवटी गुरुबसप्पा त्याच्या घरी गेला. हे त्यानं स्वतःच मला सांगितलं. जाऊन दारात उभा राहिला.

धोंडीराम म्हणाला, "कुठलं?"

"डावं मागचं."

धोंडीरामनं सदरा चढवला.

माझ्या दुकानाच्या सावलीत बसून त्यानं ते चाक केलं. आधी चिंचेच्या पाण्यानं काळं उतरवलं. मग बारीक पॉलिश पेपर, मग रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड आणि जुन्या घोंगड्याचा तुकडा. चाक चकाकलं तसं मेणाचा पातळ हात दिला. म्हणाला, की हे उघडं असतं, मेण लावल्याबिगर पाऊस त्याला सोडत न्हाय. हात असा फिरत होता, जसं तान्ह्या पोराला तेल लावावं. गुरुबसप्पा उकिडवा बसून बघत होता. त्याच्या बघण्यात उपकाराची जाणीव अर्धीच होती. बाकीची अर्धी ती जुनी पोटदुखी, माझ्या चांगल्या ओळखीची.

काय घेशील, असं गुरुबसप्पानं विचारलं.

"हे चाक माझं," धोंडीराम म्हणाला. "सोमवारी मीच घासणार. बाकीची तीन तू कर."

"गाडी माझ्याकडं हाय."

"ऱ्हाऊ दे की. गाडी कोण मागतंय?"

खांडेनवमीला गाडीवर झेंडूचे हार पडले, बोनेटवर विभूतीच्या तीन रेघा ओढल्या. मालकांनी पाहुण्यांना चाक दाखवलं ते डावं मागचंच. गुरुबसप्पाची गाडी राहिली.

त्यानंतर दर सोमवारी दोन गोणपाटं पडायची. गुरुबसप्पा आता सगळं शिकला होता. तीच चिंच, तोच खडू, तेच मेण. तीन चाकं सुरेख दिसायची. पण कसं कोण जाणे, ते चौथं थोडं जास्तच दिसायचं.

मग तो गाडी कारखान्याच्या भिंतीला डावी बाजू चिकटवून लावायला लागला. इतकी चिकटवून, की मालकांना शिटावरून सरकत उजव्या दारानं उतरावं लागायचं. मी एकदा विचारलंच.

"तितं सावली असती," गुरुबसप्पा म्हणाला.

त्या भिंतीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असायचं.