तिनं विणलेला स्वेटर

लग्न होऊन मी नाचणगावला आले तेव्हाच थकलेली होते. आई लवकर गेली, वडील अंथरुणाला खिळलेले, पाठची तीन भावंडं. गिरडजवळच्या आमच्या खेड्यात त्यांचं करता करता माझं लग्नाचं वय निघून गेलं. बहिणींचं झालं, भावाचं झालं, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मी राहिलेच आहे. पुलगावच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कापूस मोजणारा माणूस होता. त्याची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. सात वर्षांची एक मुलगी मागे होती. मला पाहायला आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पोरीले वागवान ना?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ही सत्तर सालानंतरची, दोन-तीन वर्षांतली गोष्ट.

मुलगी मला मावशी म्हणे. कोणी शिकवलं होतं की तिचं तिनंच ठरवलं होतं, मला माहीत नाही. पोरं आईला 'तू' म्हणतात, ती मला 'तुमी' म्हणायची. त्रास काही दिला नाही तिनं. सांगितलेलं काम करायची, जेवायची, आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसायची. मीही तिला फार जवळ ओढलं नाही. तेवढी उमेद तेव्हा नव्हती माझ्यात.

दिवाळी झाली, जिनिंगचा हंगाम सुरू झाला. एका सकाळी त्यांनी खाटेखालची लोखंडी पेटी ओढली आणि कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यातून एक स्वेटर काढला. तपकिरी, गोल गळ्याचा, छातीवर दोन्ही बाजूंनी वेणीसारखा पीळ उतरलेला. आमच्याकडे खरी थंडी दीड-दोन महिने, लोक दुलई पांघरून आणि शेकोटी करून ती काढतात. हातानं विणलेला स्वेटर मी तोवर जवळून पाहिलाच नव्हता. त्यांनी पाला झटकला, स्वेटर अंगात घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिनं विणला होता." मग सायकल दाराबाहेर काढता काढता, "धुवायचा असंल तर रिठ्याच्या पाण्यात. पिळजो नको."

भाजीत मीठ किती लागतं, चहा कसा हवा, हे त्या माणसानं मला कधी सांगितलं नाही. हे एवढं सांगितलं.

जिनिंगमध्ये दिवसभर हवेत रुई उडत असते. ते संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांवर रुई असायची आणि स्वेटर तर पांढराच झालेला असायचा. सुती कपड्यावरची रुई झटकली की जाते. लोकरीतली जात नाही, ती आत गुंतून बसते. चूल विझवली, भांडी झाली, की मी कंदिलाजवळ बसून त्या स्वेटरमधून चिमटीनं रुई काढत असे. शेजारची एक बाई एकदा दारातून म्हणाली, "वावरातला कापूस वेचून झाला, आता नवऱ्याच्या अंगावरचा वेचून राह्यली का?" ती हसली. मीही हसले असेन. पण मान दुखत असे, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच रुई पुन्हा घरी येई.

पहिल्यांदा धुवायला काढला तेव्हा मुलगी माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. मी पाण्यात हात घालत होते, ती माझ्या हातांकडे पाहत होती. धुऊन झाल्यावर मी दोरीकडे वळले, तशी म्हणाली, "दोरीवर नाई टाकत. लांबते तो. आई खाटेवर पसरवे."

मी खाटेवर पसरवला. ती उन्हात त्याच्या उशाशी बसून राहिली, कावळ्यानं येऊन काही करू नये म्हणून.

पुढच्या कधीतरी हिवाळ्यात मी पुलगावच्या बाजारातून त्यांच्यासाठी एक तयार स्वेटर आणला. निळा, बटणाचा. जिनिंगमध्ये हा घाला, तो बाहेर जाण्यायेण्याला ठेवा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यांनी चार दिवस घातला. पाचव्या दिवशी खुंटीवर टांगून ठेवला. "टोचते," म्हणाले. मग सकाळी पाणी भरायला जाताना तो मीच घालू लागले.

माझी बहीण एकदा मला म्हणाली, "तुले राग नाई येत का त्या पहिलीचा?" राग यायला अंगात जोर लागतो, असं काहीतरी मी तिला सांगितलं. खरं म्हणजे मी तिचा विचारच करत नव्हते. भिंतीवर तिचा एक फोटो होता, स्टुडिओत काढलेला, ताठ बसलेली. तिच्या हातचं म्हणून घरात जे काय होतं ते धुवायचं, झाकायचं, जपायचं, हे माझ्या कामांमधलं आणखी एक काम होतं. ती मात्र माझ्या मनात चटपटीत, हसऱ्या बाईसारखी असायची. जिला सगळं येतं आणि जिचं सगळं वेळेवर होतं अशी.

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. काट्यासमोर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागलेली, आणि एका बंडीच्या खिळ्यात यांच्या स्वेटरची बाही अडकली. तेवढ्यात बैल पुढे चालले. धागा तुटला आणि ओळींमागून ओळी उसवत गेल्या. घरी आले तेव्हा एक हात कोपरापर्यंत उघडा होता आणि उसवलेली लोकर त्यांनी तळहाताभोवती गुंडाळून खिशात ठेवली होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

मी सुई-दोरा घेतला आणि जमेल तसं ओढून शिवलं. सकाळी पाहते तर मुलीनं सगळे टाके कापून काढलेले.

"हे शिवत नसते, मावशी. विणत असते."

"मंग कोण विणून देते? तुले येते?"

"आईले येत होतं."

ते जेवत होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "फौजेच्या डेपोच्या क्वार्टरात एक पंजाबी बाई होती. तिच्यापाशी शिकली होती इची आई. असंल तर असंल अजून."

त्या रविवारी आम्ही दोघी चालत निघालो. मुलगी पुढे, मी मागे, स्वेटर पिशवीत. बाई होती. केस पांढरे झालेले, दारात उन्हात वेताच्या मोढ्यावर बसलेली, आणि मांडीवर लोकर होतीच. तिनं चष्मा चढवला, स्वेटर उलटा केला, पिळांवरून बोट फिरवलं.

"ये तो मेरे सामने बना है," ती म्हणाली. मग मुलीकडे पाहिलं. "तू उसकी है?"

मुलीनं मान हलवली. बाईनं तिला जवळ बसवलं, मला पाणी दिलं. मी कोण हे तिनं विचारलं नाही, तिला कळलंच असावं. बोलता बोलता म्हणाली, "बहुत थकी रहती थी बेचारी. पेट से थी ना. यहीं बैठे-बैठे सो जाती थी, सलाई हाथ में लेकर. मैं सोने देती थी. घर जाकर तो फिर काम में लगना ही है."

मी पाण्याचा गिलास खाली ठेवला. एवढी वर्षं एका घरात मी त्या फोटोतल्या बाईबरोबर राहत होते आणि हे मला ठाऊक नव्हतं. तीही दुपारी घरातून निघून इथे येत होती, विणण्याच्या निमित्तानं. या उन्हात बसून डुलक्या घेत होती. मला वाटलं, आम्ही दोघी भेटलो असतो तर फार काही बोललो नसतो, पण जमलं असतं आमचं.

परत येताना मुलीनं विचारलं, "मी कुठं राहो तवा?"

"तिच्याजवळच असशीन. लहान होती तू."

"मले याद नाई," ती म्हणाली.

तो हिवाळा आम्ही दर रविवारी गेलो. राखेनं भांडी घासून माझी बोटं फुटलेली, लोकर त्या भेगांत अडकायची. सुलट टाका, उलट टाका, पुढे गेलं की मागचा गळायचा. पोरगी मात्र पाहता पाहता शिकली. बाहीचा सगळा वरचा भाग तिनंच केला, मी फक्त मनगटाची पट्टी विणली आणि तीही दोनदा उसवून. जुनी लोकर पुरली नाही. बाईनं आपल्या उरलेल्यातली दिली, ती रंगानं जरा फिकी. एका हाताचं मनगट वेगळं दिसायचं.

त्यांनी घालून पाहिला. फिक्या पट्टीकडे पाहत राहिले आणि ती आत दुमडून घेतली. मुलगी दाराशी उभी होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पट्टी उलगडलेली होती. "बरं झालं," म्हणाले. ते मला म्हणाले की तिला, कळलं नाही. दोघींनी आपापलं मानून घेतलं.

नंतरची वर्षं दम्याची. रुईनं की कशानं, पण त्यांचा श्वास लागू लागला. आधी हिवाळ्यात, मग बाराही महिने. सायकल सुटली, शेवटी काटाही सुटला. मी दोन घरी स्वयंपाकाची कामं धरली, मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. ते ओट्यावर बसून असत. होळी होऊन गेली तरी अंगातला स्वेटर काढत नसत. शरीर आत आत जात होतं आणि स्वेटर बाहेरून तेवढाच होता. खांदे उतरून दंडावर यायचे.

मुलीचं लग्न अल्लीपूरला जमलं. घरचं वावर होतं, माणसं कष्टाची होती. लग्नाच्या दोन दिवस आधी ती सामान बांधत होती, आणि बापाजवळ जाऊन म्हणाली, "बाबा, स्वेटर मी नेऊ?"

"ने," ते लगेच म्हणाले.

"नाई," मी म्हटलं.

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. या घरात मी कधी आवाज चढवला नव्हता.

"तू काऊन मधात बोलून राह्यली?" मुलगी ओरडली. "माह्या आईचा होय तो!"

"आईचा होय, पन घालून कोण राह्यलं? दुसरा त्यायले चालत नाई. थंडीत काय घालतीन ते?"

"अवं, जाऊ दे," ते म्हणाले. तेवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली.

"नाई जाऊ देत," मी म्हटलं. "धुतो मी, रुई काढतो मी. मले ठाऊक हाय त्यायले काय लागते ते."

ती रडत मागच्या अंगणात गेली. मी पोळ्या करायला बसले. ती आयुष्यात पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली होती, हे मला पोळी लाटताना लक्षात आलं. रागात म्हणाली होती, पण म्हणाली होती. संध्याकाळी ती आत आली, डोळे सुजलेले. पेटीतून विणायच्या सुया काढल्या, स्वेटर मांडीवर घेतला आणि काखेत विरलेली जागा भरत बसली. मी तिच्याजवळ चहा ठेवला. तो तिनं प्यायला.

त्यानंतर ते दोन हिवाळे राहिले. गेले भर उन्हाळ्यात. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मी पेटीतून तो काढून मुलीच्या हातात दिला.

"तुमाले नको?" ती म्हणाली. ती पुन्हा 'तुमी'वर आली होती.

"काय करू मी?"

"ठेवा ना. इतके वर्सं तुमीच तर धुतला."

"म्हणूनच ने," मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग आम्ही दोघी हसलो. घरात दुःख होतं, तरी हसलो. दुपारच्या बसनं ती गेली. पेटी हलकी झाली होती. मी ती पुन्हा खाटेखाली सरकवली आणि तिथेच जमिनीवर आडवी झाले.

ती तो नुसता ठेवील असं मला वाटलं होतं. ते काही खरं झालं नाही. तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला मी अल्लीपूरला गेले तर ती तो घालूनच वावरातून येत होती. बाह्या दुमडलेल्या, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, लोकरीला कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या चिकटलेल्या. एक पीळ मधूनच तुटला होता. नातवानं खांद्यावर नाक पुसून पुसून तिथली लोकर कडक झाली होती. तिची सासू मला म्हणाली, "पाहा बाई, किती सांगतो इले, नवा घे म्हनून. आयकतच नाई."

"उबारा चांगला हाय याले," ती म्हणाली आणि कापूस ओतायला आत गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं का? मी वाट पाहिली, पण तसं काही आलं नाही. तो आता तिच्या अंगावर झिजत होता. तो कसा धुवायचा, कुठे वाळवायचा, हे तिचं ती पाहील, मी सांगायची गरज नव्हती.

राहा म्हणून तिनं आग्रह केला. पण दुसऱ्या दिवशी अंगणवाडी होती, लेकरांची खिचडी माझ्याशिवाय कोण करणार होतं? ती मला स्टँडवर पोचवायला आली, मूल कडेवर घेऊन. माझ्या पिशवीत तिनं तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, उचलवत नव्हती इतक्या. बस आली. "पोचल्यावर कोनासंग निरोप धाडजा," ती खालून म्हणाली. मी मान हलवली. आत गर्दी नव्हती, खिडकीजवळची जागा मिळाली. पिशवी पायाशी ठेवली, पाय थोडे लांब केले. त्या दिवशी मला तेवढं पुरेसं होतं.