खवणी माझी नव्हे

वाशीच्या आमच्या घरात स्वयंपाकाला उभा ओटा होता, पण नारळ खवायला बायको खाली विळीवरच बसायची आणि उठताना गुडघे धरायची. मी जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात कारकून होतो. शेजारच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरला मी ही अडचण सांगितली. शिरवणे गावचा सडपातळ माणूस. बोलताना तोंडाकडे नाही, समोरच्याच्या हातांकडे बघायचा.

"बाईचं कोपर कुठवर येतं?" त्यानं विचारलं. मला सांगता येईना.

"लग्नाला किती वरसं झाली?"

"सात."

"आन कोपर कुठं हाय ते ठावं नाय? उद्या बघून या."

मी बघून गेलो. त्यानं जुनं पातं कापून, ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळता येईल अशी खवणी केली. दात्यांवरून अंगठा फिरवून म्हणाला, "आता तिला खाली बसवू नका."

बायको हरखली. "तुम्ही केलीत?" मी नुसता हसलो. सोसायटीतल्या बायका बघायला आल्या, तेव्हा मात्र माप कसं घेतलं तेही रंगवून सांगितलं. त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही.

परवा ती नारळ खवत असताना सगळं कबूल केलं. तिचा हात थांबला.

"म्हणजे चाळीस वर्षं मी भलत्याचंच कौतुक केलं!" मग चिमूटभर खोबरं माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "लिहून काढा आता. नाहीतर सूनबाईलाही आपलीच म्हणून सांगाल."

सूनबाईला सांगून झालं होतं. म्हणून हे लिहिलं.