कच्च्या पपईचा चीक
कच्च्या पपईचा चीक बोटांना चिकटला की आजही माझं डोकं तापतं. ऐंशीच्या दशकात सिंदेवाहीला मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदा जेवायला येणार होते. बाजारात मिरच्या विकून मी संसार उभा केलेला; खाटकाशी तासभर घासाघीस करून जून बोकडाचं मटण आणलं. धने, खसखस, दगडफूल, सुकं खोबरं चुलीवर भाजून पाट्यावर वाटलं. मटण लवकर शिजावं म्हणून त्या मसाल्यात चमचाभर कच्च्या पपईचा गर घालून तो मटणाला चोळून ठेवला आणि अंगण सारवायला गेले. परतले तर उरलेल्या गराची वाटी रिकामी. नवरा हात धूत म्हणाला, “तू विसरली वाटते, म्या लावून टाकला सारा.” “तुमाले कोनं सांगतलं होतं?” मी किंचाळले, पण उशीर झाला होता; एवढ्या गरात मटण शिजता शिजता पार विरघळून जातं. जेवताना व्याह्यांनी रस्सा भुरकला, मान डोलावली, मग वाटीत बोटं फिरवली. “मसाला झकास हाय बाई, पन मटन कुठी हाय?” वाटीत नुसती हाडं होती. मी बोलायच्या आत नवरा हसला, “स्वस्तातलं आणते न हे, भाऊ!” लग्न झालं, नातवंडं झाली. व्याही अजून आमच्याकडे येताना मटण स्वतःच घेऊन येतात, आणि नवरा ती पिशवी मुकाट्याने माझ्या हातात देतो.