मोरीत गेलेलं दूध

"ये अंदर क्या छुपाया है? निकाल."

राहनाळच्या गोडाऊनचं गेट. ड्युटी सुटलेली. तपासणीला बायकांची रांग, शेजारी पुरुषांची. सिक्युरिटीवालीचा हात माझ्या छातीवर. आमच्याकडे लहान पोरांचे कपडे पॅक होतात. तिला वाटलं, मी माल चोरला.

मी बोलले, "माझ्या पोरीचं जुनं झबलं हाय. दूध गळतं, म्हणून घडी करून ठेवलंय."

ऐकते कशाला. सगळ्यांदेखत ब्लाऊजात हात घालून काढलं. झबलं ओलंचिंब. दोन बोटांत धरून सुपरवायझरला दाखवलं. तो नाक दाबून बोलला, "छी! पूरा गोडाऊन बास मारेगा." दोन्ही रांगा हसल्या. हसणारे काय आभाळातून पडले होते? आईचंच पिऊन वाढले ना मेले.

पोरगी तेव्हा तीन महिन्यांची. कोन गावात, सासूजवळ. सरकारी दवाखान्याची आशाताई घरी येऊन सांगून गेलेली, "सहा महिने निव्वळ अंगावरचं. वरचं पाणीसुद्धा न्हाय. त्यानंच पोर भरतं, आजाराला टिकतं." मला पटलेलं. सासूलाही पटलेलं. पण मी दिवसभर गोडाऊनात, पोर भुकेनं रडून काळंनिळं, म्हातारीनं काय करावं? डब्यातली पावडर, तीही पुरवून पुरवून, पातळ पाण्यासारखी. आणि इकडे दुपारी माझी छाती दगड व्हायची. मग बाथरूमच्या मोरीत पिळून टाकायचं. पोर कोनला उपाशी, तिचं दूध राहनाळच्या गटारात. रोज.

पोरीला जुलाब लागले. डोळे आत गेले. रडायचीही ताकद उरली न्हाय. सरकारी दवाखान्यात सलाईन लावली. डॉक्टरीण बोलली, "बाटली बंद करा. परत असं झालं तर पोर हाती लागणार नाही." बाजूची नर्स हसून बोलली, "आजकालच्या बायकांना पाजायला नको. फिगर बिघडते."

फिगर! दिवसभर खोकी उचलणाऱ्या बाईची फिगर. थू.

पोरगी वाचली. मी थेट ऑफिसात गेले. मॅडमला बोलले, "दुपारच्या सुट्टीत सासू पोरीला गेटवर आणेल. तेवढ्यात पाजते. बाकी काय न्हाय मागत." मॅडम नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून आलेली. रजा कंपनीच्या मॅडमला. आम्ही ठेकेदाराकडच्या, आम्हाला नुसतं बाळंतपण. टेबलावर तिच्या बाळाचा फोटो. गुबगुबीत.

"अगं, आईच्या दुधासारखं काहीच नाही," ती बोलली. "मी तर सहा महिने दुसरं काही दिलंच नाही." असं बोलून तिनं कपाटातून पावडरचा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. "हा घेऊन जा. चांगल्यातला आहे. गेटवर असलं बरं नाही दिसत, क्लायंट येतात."

मी डब्याला हात लावला न्हाय.

"मॅडम, एवढा चांगला हाय, तर तुमच्या बाळाला का न्हाय दिलात?"

तिचं तोंड बघण्यासारखं झालं. "कामावर राहायचंय ना तुला?" एवढंच सुचलं तिला. शिकलेल्या बाईला एवढंच सुचावं, कीव आली मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू रिक्षानं पोरीला घेऊन आली. गेटवर सिक्युरिटीवालीची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यातच बसले. पदर घेतला, पोरीला छातीला लावलं. तिच्या घोटांचा आवाज मला ऐकू येत होता. सुपरवायझर धावत आला. "उठ, बाहर जा."

"तिचं पोट भरलं की उठते," मी बोलले, आणि पोरगी सुटेपर्यंत उठले न्हाय.

संध्याकाळी ठेकेदारानं निरोप धाडला, उद्यापासून येऊ नकोस. मी येणार हाय. पोरीला घेऊन. गेट लावलं, तर गेटासमोर बसेन, तुमच्या क्लायंटच्या गाड्या जिथं वळतात तिथं. नाक दाबायचं त्यानं दाबावं. माझ्या पोरीचा एक घोटही आता मोरीत जाणार न्हाय.