डाव्या डोळ्याखालचा जांभळा

माझ्याकडे रांगोळी शिकायला येणाऱ्या मुली हल्ली आपल्या रांगोळीचे फोटो फोनवर टाकतात. टाकायच्या आधी मात्र रडकुंडीला येतात. "ताई, लोक काय म्हणतील? कोणी काही घाणेरडं लिहिलं तर?" मी म्हणते, टाक गं बाई, फार तर शिव्या घालतील. फोनमधून कोणाचा पाय बाहेर येत नाही. त्या हसतात. त्यांना वाटतं, ताई मस्करी करतायत. माझ्या रांगोळीवर पाय पडलेला, आणि तोही दोनदा, हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा पडला तेव्हा मी पाचवीत होते. आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. दिवाळीत मी दारात मोर काढलेला, आणि सगळी चाळ बघायला आलेली. काय ते कौतुक! माझा बाप वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात फिटर होता. तो कामावरून आला, दारात बायकांचा घोळका बघितला आणि एक शब्द न बोलता चपलेसकट मोरावरून आत गेला. मग दार लावलं आणि ट्रान्झिस्टर मोठा केला. आमच्याकडे मार सुरू व्हायच्या आधी ट्रान्झिस्टर मोठा व्हायचा. "घर म्हणजे काय तमाशा आहे, लोकांनी येऊन बघायला?" असं म्हणत त्याने मला पट्ट्याने फोडून काढलं. आई मध्ये पडली, तर तिला माझ्यापेक्षा जास्त. शेजारच्या काकू अशा वेळी भांडी घासायला काढायच्या, जोरजोरात. चाळीत सगळ्यांना सगळं ऐकू जायचं, आणि दुसऱ्या दिवशी नळावर कोणी आईच्या तोंडाकडे बघायचं नाही.

त्यानंतर दारात मी साधा ठिपकासुद्धा काढला नाही. काढायची ती खाटेखाली, बाप कामावर असताना, आणि तो यायच्या आत ओल्या फडक्याने पुसून टाकायची. तिथे मी माणसं काढायला शिकले. चेहरे, हात, चुण्या पडलेली साडी. आई बघायची आणि म्हणायची, "छान आलंय गं. पूस आता."

कॉलेजात असताना, म्हणजे नव्वदच्या आसपास, आमच्या भागात माणसांचे चेहरे काढलेल्या रांगोळ्यांची मोठी प्रदर्शनं भरायची. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा हॉल घ्यायचा, जमिनीवर प्रत्येकाला एक चौकोन द्यायचा, भोवती दोरी बांधायची. ती भरवणाऱ्या एक बाई होत्या, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. मैत्रिणीने मला ओढतच त्यांच्याकडे नेलं. बाईंनी रांगोळीवरचा माझा हात बघितला आणि म्हणाल्या, "एक चौकोन तुझा. कोणाला काढणार?" मी म्हटलं, आईला. दुसरं कोण होतं मला? घरी मी टायपिंगच्या क्लासला जाते म्हणून सांगितलं.

हॉलमध्ये पंखे बंद. पंखा लावला तर सगळ्यांचे रंग उडतील. घामाने आमचं पार भजं व्हायचं, सारखं दंडाने कपाळ पुसायचं, घामाचा थेंब रंगावर पडला तर मेहनत फुकट. मी वरून खाली येत होते. केस, कपाळ, भुवया, डोळे. समोर फोटो नव्हता. आईचा लग्नानंतरचा फोटोच नव्हता. पण मला कशाला हवा फोटो? तो चेहरा मला पाठ होता.

बाई फिरत फिरत माझ्यापाशी आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. "डोळे काय सुंदर आलेत गं," त्या म्हणाल्या. "पण डाव्या डोळ्याखालची सावली फार गडद झालीय. उजेड तर तू त्याच बाजूने घेतलायस ना?"

"सावली नाही बाई," मी म्हटलं. "तिथला रंगच तसा आहे."

बाईंनी चित्रावरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, मी काय काढलंय ते. शप्पथ सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! बाप उजव्या हाताचा, म्हणून आईचा डावा डोळा. आधी लाल, मग जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि पिवळा जायच्या आत परत लाल. मी जन्मल्यापासून तो चेहरा तसाच बघत आले होते. आईचं नाक जसं, तसा आईचा तो डाग.

बाई हळूच म्हणाल्या, "त्वचेचा रंग वरून चाळलास तर झाकला जाईल. तुझं चित्र आहे, तू ठरव."

मी वाटीतून रंग घेतला. बापाला कळलं तर जिवंत ठेवणार नाही. आणि आई? तिला चारचौघांत कसं वाटेल? हात डोळ्यावर नेला आणि मला एकदम आई दिसली, सकाळी नळावर जायच्या आधी आरशासमोर उभी राहून डोळ्याखाली पावडर थापणारी. मी तेच करायला निघाले होते. असला संताप आला मला! बापाचा, आईचा, भांडी घासणाऱ्या काकूंचा, सगळ्यांचा. मी रंग परत वाटीत टाकला आणि जांभळ्याच्या कडेला थोडा हिरवट भरला. तो राहिलाच होता.

प्रदर्शन उघडलं. पहिल्याच दिवशी काकू बघून गेल्या आणि चाळभर सांगत सुटल्या, की पोरीने आई काय हुबेहूब काढलीय. डोळ्याचं मात्र बोलल्या नाहीत. भाऊबीजेला हॉल गच्च भरलेला असताना बाप आला. मागे आई, डाव्या गालावर पदर ओढलेला.

बाप दोरीपाशी उभा राहिला. बघितलं. त्याच्या मानेची शीर उडायला लागली. आजूबाजूची माणसं चित्राकडे बघत होती, मग आईच्या पदराकडे, मग त्याच्याकडे.

"पूस," तो म्हणाला.

मी म्हटलं, "नाही पुसणार."

फाडकन कानाखाली बसली. मी भिंतीवर आपटले, तोंडात रक्ताची चव आली. घराबाहेर तो हात मी पहिल्यांदाच बघत होते. इथे ट्रान्झिस्टर नव्हता. तो आवाज अख्ख्या हॉलने ऐकला. कोणी काही बोलायच्या आत बाप दोरी ओलांडून आत शिरला आणि चपलेने रांगोळीतला आईचा डावा डोळा रगडला. नुसता पाय फिरवला नाही, टाच दाबून रगडला.

मग लोकांनी त्याला धरला. बाजूच्या चौकोनातल्या पोरांनी त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं, आणि पायऱ्यांवर बुक्क्यांनी, लाथांनी बदडला. शर्ट फाटला, नाकातून रक्त आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणखी मारा, असं वाटत होतं. आईच धावली. "सोडा हो त्यांना, मरतील ते!" म्हणत त्याच्या अंगावर आडवी पडली. तेव्हा मला तिचाही राग आला. बाप तिला ढकलून उठला, शिव्या देत फाटकाबाहेर गेला. त्याच्यामागून आई जाणार, हे मला ठाऊकच होतं.

मी आत आले. गाल सुजायला लागलेला. लोक दोरीभोवती उभे. मी गुडघ्यांवर बसले, पिसाने चपलेचा ठसा झाडून टाकला, तळाला गेरूची पूड चाळली, आणि सगळ्यांच्या देखत डोळा पुन्हा भरायला घेतला. बुबुळ, पापणी, मग खाली जांभळा. भीती गेली होती असं नाही. पण आता आणखी काय करणार होता तो? पाय देऊन झाला होता, हात उगारून झाला होता, आणि डोळा परत भरत होता.

मागून पावलं वाजली. मला वाटलं, बाई असतील. आई होती. दोरीच्या आत येऊन ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. पदर खांद्यावर घसरलेला, तो तिने वर घेतला नाही. पावडर घामाने उतरली होती. ती जमिनीवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, छान आलंय गं, पूस आता.

तिने स्वतःच्या गालाच्या हाडावर बोट टेकवलं.

"थोडा खाली घे," ती म्हणाली. "इथपर्यंत आहे."